हतनूरच्या उघड्या बेटांवर झाडं लावू नयेत (खारफुटीच्या बेटांवर काय घडलं तेही बघू)

तापीकाठचा

राम राम मंडळी.

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सॲप गटावर एक कल्पना निघाली आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यात उन्हाळ्यात जी उघडी बेटं वर येतात, त्यांवर पावसाळ्याच्या तोंडावर झाडं लावायची आणि मग होडीतून लोकांना तिथे पक्षी दाखवायला न्यायचं. कल्पना मांडणारी मुलं मनापासून काम करणारी आहेत. तरी माझा दोन्ही गोष्टींना विरोध आहे, आणि गटावर चार ओळींत तो मावत नाही म्हणून इथे धागा काढतोय.

हतनूरची ओळख इथल्या बहुतेकांना आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवच्या संगमावर पूर्णा तापीला मिळते, तिथून खाली ४१ दरवाजांचं हे धरण. दोन नद्यांचा गाळ वर्षानुवर्षं इथे साचतोय. धरणाच्या दृष्टीने ते दुखणंच, पण त्याच गाळामुळे पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या, आणि हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, मोठी लालसरी, चक्रवाक, पट्टकादंब हे सगळे इथे उतरू लागले. महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे ते यामुळेच.

हिवाळी पाहुण्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मला बोलायचंय ते उन्हाळ्यात इथेच अंडी घालणाऱ्यांबद्दल. नदी सुरय, छोटी आर्ली, कंठेरी चिखल्या. हे घरटं बांधतच नाहीत. वाळूत किंवा वाळलेल्या गाळात छातीने घासून एक उथळ खळगा करतात आणि त्यात अंडी. सुरयाची अंडी साधारण तीन, राखट-पिवळसर, वर तपकिरी ठिपके. दोन पावलांवर असली तरी डोळ्याला सापडत नाहीत. हे सगळं मार्च ते मे, म्हणजे आपल्याकडे जमीन तव्यासारखी तापते तेव्हा. अंडी उबवण्यापेक्षा ती शिजू नयेत हेच त्या पक्ष्याचं मुख्य काम असतं. मी दुर्बिणीतून बघितलंय: सुरय उडून पाण्यावर जातो, पोट बुडवतो, ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जोडीतला दुसरा आला की पहिला उठतो, अंडी फार वेळ उघडी पडू देत नाहीत.

आता अशा बेटाला होडी लागली तर काय होईल? सगळा थवा उठणार, डोक्यावर ओरडत घिरट्या घालणार, आपण खाली उभे राहून फोटो काढणार, आणि तेवढ्या वेळात अंडी गेली. कावळे आणि घारी तर टपूनच असतात.

झाडांचंही तसंच. सुरयाला चहूबाजूंनी उघडी जागा लागते, शत्रू लांबून दिसला पाहिजे. झाड वाढलं की त्यावर कावळा आणि घार बसायला येणार, आणि सुरय ती जागा सोडणार.

नदी सुरय जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. आपल्याला तो रोज दिसतो म्हणून तो मुबलक आहे असं वाटतं. बेटं नेमकी कुठली ते मी इथे लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांनीही कृपया लिहू नये.

---

वृक्षमित्र_यावल

दादा, गटावर झाडांची सूचना माझीच होती, म्हणून उत्तर देतो. सातपुड्याच्या पायथ्याला आम्ही बरीच वर्षं रोपं लावतोय. उजाड जागा दिसली की हात शिवशिवतात. माझं म्हणणं असं: बगळे, रातबगळे, पाणकावळे, चित्रबलाक यांना घरट्यांसाठी झाडंच लागतात ना? पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर केवढी गर्दी असते ते तुम्हीही बघता. बेटावर झाड म्हणजे कुत्र्या-माणसांपासून लांब, सुरक्षित घरटं. मग ते वाईट कसं? खारफुटीच्या बेटांवर तर सगळे पक्षी झाडांवरच राहतात.

---

रावेरची_लेक

दोघांचंही बरोबर वाटतंय मला. कुणी खारफुटीबद्दल जरा उलगडून सांगेल का? आमच्याकडे केळी सोडून दुसरं काही बघायची सवय नाही :)

---

सुरतवासी_खानदेशी

मूळ अमळनेरचा, आता सुरतेत. आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथून फार लांब नाही राहत. डुमस, हजिरा भागात चिखलात तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी खारफुटीची झाडं, उभी आहेत, आणि देशात पश्चिम बंगालनंतर सगळ्यात जास्त खारफुटी गुजरातमध्येच आहे. त्यामुळे वृक्षमित्रांच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

खारफुटीच्या बेटावर दोन वेगळ्या दुनिया असतात. एक झाडांची: बगळे, पाणकावळे, करकोचे, खंड्या. दुसरी झाडांपुढच्या उघड्या चिखलाची. भरतीला हा चिखल पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. त्यात शंख, किडे, बारीक खेकडे इतके असतात की सैबेरियापासून येणारे तुतवार, चिखल्या हे पक्षी तिथेच पोट भरतात. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी झालेली चूक अशी, की चिखल 'मोकळा' दिसला म्हणून तिथे तिवरं लावली गेली. खारफुटी लावणं म्हणजे पुण्यच, असं समजून. पण जिथे ती आपोआप येत नाही तिथे बहुतेक वेळा रोपं जगत नाहीत, आणि जगली तर चिखलातल्या पक्ष्यांचं ताट जातं. म्हणून कांदळवनाचं (खारफुटीच्या जंगलाचं) काम करणारे जाणते लोक आता सांगतात की आधी पाण्याची ये-जा पूर्ववत करा, बांध फोडा, रोपं पाण्याबरोबर येऊन आपली जागा स्वतः धरतील.

हतनूरला हेच लावून बघा. ज्या बाभळी पाण्यात उभ्या आहेत आणि ज्यांवर बगळ्यांची वसाहत आहे, त्यांना हात लावू नका, सरपणालासुद्धा नाही. जे बेट उघडं आहे ते उघडंच राहू द्या. दोन्हींकडे पक्षी भरलेलेच आहेत, बाभळींवर वरच्या बाजूला आणि बेटावर खाली जमिनीवर.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. बेटावरच्या पक्ष्याला झाड वाचवत नाही, भोवतालचं पाणी वाचवतं. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांमध्ये इसाबेला नावाचं बेट आहे. त्याच्या किनाऱ्यावर खारफुटीचे दोन तुकडे, दोन्ही मिळून साधारण ३० हेक्टर. म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या बागायतदारांच्या केळीएवढंच क्षेत्र. खारफुटी फिंच हा पक्षी सगळ्या जगात आता फक्त तिथे उरलाय, १०० च्या आसपास. माणसं तिथे राहत नाहीत, पर्यटकांना प्रवेश नाही, झाडं धडधाकट. तरी पक्षी संपत चाललाय. कारण जहाजांबरोबर काळे उंदीर आले, ते झाडावर चढून अंडी-पिल्लं खातात. आणि एक परकी माशी आली, तिच्या अळ्या घरट्यात राहून पिल्लांचं रक्त शोषतात. आता तिथे उंदरांसाठी विषाच्या पेट्या ठेवाव्या लागतात, उंच झाडांवर चढून घरट्यांत कीटकनाशक सोडावं लागतं, आणि २०१४ पासून काही वर्षं तर अंडी काढून नेऊन पिल्लं हाताने वाढवली आणि मग परत सोडली. एकदा पाण्याची तटबंदी फुटली की एवढा आटापिटा करावा लागतो.

तुमच्या बेटांवर उंदराच्या जागी कुत्रा धरा.

---

पाणथळ

कुत्र्याचा मुद्दा अगदी मर्मावर आहे. हतनूरचं पाणी शेतीबरोबरच भुसावळच्या कारखान्यांना, दीपनगरच्या वीज केंद्राला, गावांना जातं. मार्चमध्ये जे बेट असतं ते मेमध्ये बेट राहत नाही. पाणी हटतं, मध्ये चिखलाची पट्टी उघडी पडते, ती वाळते, आणि एका रात्रीत कुत्री, कोल्हे आत. सुरयाची अंडी उबायला साधारण तीन आठवडे, नंतर पिल्लं उडती व्हायला आणखी तेवढेच किंवा जास्त. ज्या जोडीने उशिरा अंडी घातली तिचं काही खरं नाही.

यावर उपाय आहे, आणि तो झाडांपेक्षा खूप स्वस्त आहे. जिथे बेट काठाला जोडलं जाणार आहे ती अरुंद जागा आधी हेरायची, आणि पाणी उतरत असतानाच तिथे काटेरी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आडवं टाकायचं. चंबळ नदीवर पाणचिऱ्यांसाठी (हेही सुरयासारखे वाळूतच अंडी घालतात) बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, लोकांनी गावातलीच माणसं घरटी राखायला नेमली आहेत, तिथेही मुख्य शत्रू कुत्री आणि गुरंच. राखणदार गावचा असला की गुरं वळवायला त्याला फक्त हाक मारावी लागते, बाहेरच्या माणसाला भांडण करावं लागतं.

---

धुळेकर_दादा

भाऊ, तुम्हनं म्हननं खरं शे. पण गाळपेऱ्याचं काय? पाणी हटलं की गाळाच्या जमिनीत काकडी, टरबूज, भाजीपाला घेणारी गरीब माणसं आहेत. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकीच बरीच. त्यांना पक्ष्यांसाठी उठवायचं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने नाही.

---

तापीकाठचा

धुळेकर दादा, कुणालाही उठवायचं नाही. गाळपेरा काठाच्या बाजूने होतो, आणि सुरय बसतो ते पाण्याने वेढलेल्या उंचवट्यांवर. दोन्हींची गाठ पडते ती फक्त बेट काठाला जोडलं गेल्यावर, आणि तेव्हाही शेवटच्या दीड-दोन महिन्यांपुरती. त्या थोड्या तुकड्यापुरतं 'पिल्लं उडेपर्यंत थांबा' एवढंच मागणं आहे.

---

मासेमारीचं_पोर

आमचं घराणंच धरणावर मासे धरणारं. मी पुण्यात नोकरीला आहे, पण वडील अजून जाळं टाकतात. एक सांगतो. पक्षी बघणारे शहरातून येतात आणि आमच्या लोकांकडे असं बघतात की जणू आम्हीच पक्षी मारतो. बेटावर दुपारी सावली नाही, पाणी नाही, मासेमार तिथे कशाला थांबेल? आमच्या वडिलांना सुरय कधी बसला, कधी पिल्लं निघाली, हे दरवर्षी माहीत असतं. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

नुकसान एकाच गोष्टीने होतं, ती म्हणजे तुटलेली नायलॉनची जाळी. बाभळीत अडकून राहतात, त्यात पाणकावळे आणि बगळे गुंततात. ती गोळा करायचं काम आमची माणसं करू शकतात, घरट्यांचे महिने सोडून, आणि त्याचा मोबदला मिळाला तर आनंदाने करतील.

---

रावेरची_लेक

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. राखणदार शोधायला लांब जायची गरजच नाही मग.

---

सुरतवासी_खानदेशी

मासेमारीचं_पोर यांचं वाचून पेलिकन आयलंड आठवलं. फ्लोरिडातलं खारफुटीचं छोटंसं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या टोप्यांत पिसं खोवायची टूम निघाली होती, त्यासाठी बगळ्यांच्या अख्ख्या वसाहती मारल्या जात. विणीच्या काळातच पिसं सुंदर असतात, त्यामुळे आई-बाप मेले की पिल्लंही उपाशी मरत. त्या बेटाजवळ पॉल क्रोगल नावाचा होड्या बांधणारा एक जर्मन माणूस राहत होता. तो आपली बंदूक घेऊन स्वतःच होडीतून राखण करायचा. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते बेट पक्ष्यांसाठी राखीव केलं, अमेरिकेच्या केंद्र सरकारने पक्ष्यांसाठी राखलेली ती पहिली जागा. क्रोगललाच राखणदार नेमलं, पगार महिन्याला एक डॉलर. दोन वर्षांनी फ्लोरिडातच गाय ब्रॅडली या दुसऱ्या राखणदाराला पिसांसाठी बगळे मारणाऱ्याने गोळी घातली. हे काम नेहमी अशाच माणसांनी केलंय जी तिथेच राहतात.

त्या बेटाची पुढची गोष्ट होडीवाल्या कल्पनेसाठी सांगतो. बंदुका थांबल्या, पण नंतर मोटारबोटी वाढल्या. त्यांच्या लाटांनी काठ झिजत गेला आणि साडेपाच एकरांचं बेट सव्वादोन एकरांवर आलं. मग शिंपल्यांचे बांध घालून आणि तिवरं लावून ते वाचवावं लागलं. आपली बेटं तर नुसत्या गाळाची आहेत.

---

शहाद्याचा_पिंगळा

होडीबद्दल मी थोडा वेगळा विचार करतो. गोव्यात चोडण बेटावर डॉ. सालीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, मांडवीच्या खारफुटीत, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथे होडीतून नेतात, वाटाड्यांना रोजगार मिळतो, आणि पक्षीही टिकून आहेत. लोकांनी बघितलंच नाही तर जपतील कशाला?

आमच्या भागाचा अनुभव सांगतो. रानपिंगळा शंभरावर वर्षं खात्रीने कुणाला दिसला नव्हता, तो संपला असंच बहुतेकांना वाटत होतं, आणि १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. तोपर्यंत त्या जंगलाकडे बाहेरचं कुणी ढुंकून बघत नव्हतं. पक्षी सापडला म्हणून नाव झालं, अभ्यासक आले.

---

पाणथळ

पिंगळा भाऊ, नाव होणं चांगलंच. आणि त्याच रानपिंगळ्याच्या ढोलीपाशी पुढे कॅमेऱ्यांची गर्दी झाली, त्याला बाहेर काढायला ध्वनिमुद्रित आवाज वाजवले गेले, हेही आपण ऐकून आहोत.

चोडणचं उदाहरण योग्य आहे, पण तिथे होडी खाडीच्या पाण्यातून जाते आणि माणसं होडीतच बसून असतात. झाडावरच्या बगळ्याला तेवढं अंतर पुरतं, जमिनीवर अंडी घालणाऱ्याला नाही. फ्लोरिडात यावर मोजमाप करून अभ्यास झाला आहे: बगळ्यांच्या वसाहतीपासून साधारण १०० मीटर आणि सुरय-पाणचिऱ्यांच्या वसाहतीपासून १८० मीटर लांब राहावं असं निघालं. १८० मीटरवरून होडीतून दुर्बीण धरली तर चित्र हलतं, काठावरून तिकाटण्यावर स्पॉटिंग स्कोप लावला तर पिल्लाची चोचसुद्धा दिसते. मग होडी कशाला?

ड्रोनचंही इथेच लिहून ठेवतो, कारण लग्नाचे फोटो काढणारेही आता तो घेऊन धरणावर येतात. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात बोल्सा चिका इथे सुरयांच्या वसाहतीत एक ड्रोन पडला. पक्ष्यांना तो शिकारी पक्षी वाटला. सुमारे ३,००० सुरय उठून गेले ते परतलेच नाहीत, दीड हजारावर अंडी तशीच वाळूत राहिली. एका यंत्राने एका दिवसात अख्खा हंगाम गेला.

कायद्याचंही सांगून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणंच नव्हे, तर अंडी किंवा घरटी विचलित करणंही धरलंय. हे फार लोकांना माहीत नाही. काठावरच्या फलकावर पहिलं हेच लिहायला हवं.

---

वृक्षमित्र_यावल

सगळं वाचलं. उघड्या बेटावर झाडं नकोत, हे पटलं. पण माझ्याकडे रोपं तयार आहेत आणि हात रिकामे बसत नाहीत. मग ती कुठे लावू तेही सांगा.

---

तापीकाठचा

भाऊ, काठावर लावा, पूररेषेच्या वर. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. गाळ धरून ठेवतील, आणि पाण्यातल्या जुन्या बाभळी कुजून पडतील तेव्हा बगळ्यांना पुढची सोय राहील, कारण त्या बाभळी काही कायमच्या नाहीत. त्यात गावाजवळची चिंच, वड, पिंपळ जपली तर फारच उत्तम. बगळे, शराटी गावातल्या चिंचेवरही वसाहत करतात, लोकांनी विष्ठेचा वास सहन केला तर.

---

धुळेकर_दादा

हे कामाचं. मला अजून एक विचारायचंय. पाण्याच्या पातळीवर पाटबंधारेवाल्यांशी बोलता येईल का? म्हणजे ऐन मेमध्ये अचानक पाणी वाढलं तर?

---

पाणथळ

उन्हाळ्यात पातळी घटतच जाते, एकदम वाढण्याचा धोका वळवाच्या मोठ्या पावसात आणि वरून पाणी आलं तर. त्यांच्याकडून धरणाचा उपयोग बदलावा अशी अपेक्षा करणं बरोबर नाही, लोकांना पाणी प्यायचं आहे. पण पातळीची नोंद रोज होतेच. ती वेळेवर कळली तर कुठलं बेट कधी जोडलं जाणार याचा अंदाज आठवडाभर आधी बांधता येतो, आणि काटेरी कुंपण वेळेत पडतं. मागायचं ते एवढंच.

---

मासेमारीचं_पोर

वडिलांशी फोनवर बोललो. ते म्हणाले, जोडली जाणारी जागा दाखवायला ते येतील, आणि फांद्या न्यायला त्यांची होडी देतील. पण पक्षी बसायच्या आधी, माघातच हे करा, नंतर नको. अट एकच: त्यांच्या नावाने पेपरात काही छापायचं नाही.

---

तापीकाठचा

त्यांना माझा नमस्कार सांगा. अट मान्य.

मग असं करू. वनखात्याला आणि पाटबंधारे विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहितो. त्यात तीनच मागण्या: फेब्रुवारी ते जून बेटांवर उतरायला आणि ड्रोनला बंदी, काठावर मराठीत फलक, आणि पातळीची नोंद आम्हाला कळवणं. वाळूउपशाचा विषय मोठा आहे, तो वेगळ्या अर्जात घेऊ, नाहीतर यातलं काहीच हलणार नाही. पाणथळ, कायद्याचं कलम तुम्ही नीट शब्दांत लिहून द्या. वृक्षमित्र, काठाच्या जागा बघायला मी तुमच्याबरोबर येतो. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते, तेव्हा बरेच जण धरणावर असतीलच, तिथे सह्या घेऊ.

रावेरच्या ताई, तुम्हीही या. स्कोप माझ्याकडे आहे.

---

रावेरची_लेक

येते. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुली आणल्या तर चालतील का? काठावरच थांबतील, शब्द देते.

---

पाणथळ

आणा की. फक्त पांढरे आणि भडक कपडे नकोत, आणि सकाळी लवकर. ऊन वर आलं की पाण्यावर झळा हलायला लागतात, मग लांबचं काही नीट दिसत नाही.